चेक घेतला तर आईचा सौदा होईल का?

पत्र :

सात आठवड्यांपूर्वी डोंगराच्या बाजूने आग आली आणि आमची अख्खी वस्ती गेली. मी कामावर होते. आई घरी एकटी होती, तिला काठीशिवाय चालता येत नव्हतं. शेजाऱ्यांनी दार वाजवलं, पण तोवर धूर फार झाला होता. आई गेली, घरही गेलं. डोंगरावरची विजेची तार तुटून ठिणगी पडली असं सगळे म्हणतात. कंपनी म्हणते, वारा होता, चौकशी चालू आहे. आता त्याच कंपनीने ‘मानवतेच्या भावनेतून’ मदतीचा चेक देऊ केलाय. सोबत नऊ पानांचा फॉर्म आहे, शुक्रवारपर्यंत सही करून द्यायचा. निवारा केंद्राच्या दारात एक वकील रोज भेटतात, तेही सही मागतात. दादा म्हणतो, पैसे घे आणि विषय संपव, कोर्टात आयुष्य जाईल. पैशांची गरज आहे, खोटं कशाला बोलू? पण तो चेक घेतला तर आईचा सौदा केल्यासारखं होईल का? पुढच्या आठवड्यात मलबा उचलायला यंत्रंही येणार आहेत. रात्री झोप लागत नाही, सारखा धुराचा वास येतो. मी काय करू?

– धाकटी

उत्तर :

धाकट्या ताई,

बाकीचं नंतर बोलू, आधी शुक्रवार. शुक्रवारी सही करू नका.

चेक नाकारा असं मी म्हणत नाहीये. ‘शुक्रवार’ ही तारीख कंपनीने ठरवलेली आहे, कायद्याने नाही, एवढंच सांगतेय. सात आठवड्यांपूर्वी आई गमावलेल्या बाईला नऊ पानं वाचायला चार दिवस देतात, यावरूनच मला त्या पानांबद्दल शंका येते. आजच दोन ओळी लिहून पाठवा : फॉर्म मिळाला, तो समजून घेण्यासाठी इतके दिवस हवेत, तोवर ही मदत खुली राहील का ते लेखी कळवा. फोनवर बोलू नका. फोनवर माणसं फार गोड बोलतात आणि नंतर त्यातलं काहीच कुठे लिहिलेलं नसतं.

मग फॉर्म घेऊन बसा आणि पहिलं पान सोडून शेवटून वाचायला लागा. ‘संपूर्ण व अंतिम तडजोड’, ‘यापुढे कोणताही दावा राहणार नाही’, ‘सर्व वारसांच्या वतीने’ अशी वाक्यं कुठे सापडतात का बघा. सापडली, तर त्या कागदाचं नाव मदत असलं तरी तो खरेदीखताचा कागद आहे. तुमचा दावा ते विकत घेतायत, तेही आगीचं कारण जाहीर व्हायच्या आधी, म्हणजे सगळ्यात स्वस्तात. तशी वाक्यं नसतील आणि ‘ही रक्कम पुढच्या भरपाईतून वजा होईल’ एवढंच लिहिलेलं असेल, तर तो वेगळा कागद आहे. तसा चेक वकिलाच्या नजरेखालून घालून खुशाल घ्या. भाडं भरा, चष्मा करा, कपडे घ्या. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आता सौद्याचं. तुमच्या पत्रातला खरा प्रश्न हाच आहे.

लंडनमधला ग्रेनफेल टॉवर 14 जून 2017 च्या पहाटे जळाला. चौथ्या मजल्यावरच्या एका घरातल्या फ्रिजपासून सुरू झालेली आग इमारतीच्या बाहेरून बसवलेल्या ज्वलनशील आच्छादनावरून वर चढत गेली आणि 72 माणसं गेली. 2023 मध्ये 900 हून अधिक लोकांनी, म्हणजे बचावलेल्यांनी, मृतांच्या नातलगांनी आणि तिथल्या इतर रहिवाशांनी, सुमारे 15 कोटी पौंडांची दिवाणी तडजोड मान्य केली. त्याने फौजदारी तपास थांबला नाही. सार्वजनिक चौकशीही थांबली नाही. सप्टेंबर 2024 मध्ये तिचा अंतिम अहवाल आला, आणि हे सगळे मृत्यू टाळता आले असते असं तिच्या अध्यक्षांनी जाहीरपणे सांगितलं. दर महिन्याच्या 14 तारखेला तिथले लोक मूकपणे एकत्र चालत आले. पैसे घेणारे आणि चालणारे काही निराळे नव्हते. त्यांनी आपली माणसं विकली असं म्हणायची कुणाची हिंमत आहे?

नुकसानभरपाईचा दावा तुमचा असतो, तो तुम्ही मिटवू शकता. गुन्हा मात्र बहुतेक देशांत सरकारने चालवायचा असतो, तो तुमच्या सहीने मिटत नाही. म्हणून चेक घेतल्याने आईचा सौदा होत नाही. न वाचता सही केली तर मात्र तुमचा स्वतःचा होईल.

मदत आणि न्याय या दोन वेगळ्या रांगा आहेत, ताई. मदतीच्या रांगेत न्याय मागायला उभं राहिलं की माणूस चिडून परत येतो. न्यायाच्या रांगेत मदतीची वाट बघत राहिलं तर उपाशी मरायची वेळ येते. मदतीची रांग आज, न्यायाची सावकाश. पण सावकाश चालणाऱ्या रांगेतलंही एक काम मात्र आजच करावं लागतं, आणि तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती त्याचीच. पुढच्या आठवड्यात येणारी ती यंत्रं.

कॅलिफोर्नियातलं पॅराडाइज नावाचं गाव 8 नोव्हेंबर 2018 ला जळालं. 85 माणसं गेली, 18 हजारांवर बांधकामं राख झाली. तिथेही वारा खरोखरच होता. पण तपास करणारे वीजवाहिनीच्या मनोऱ्यापर्यंत पोचले तेव्हा त्यांना एक लोखंडी आकडा सापडला. सुमारे शंभर वर्षं तारेचा भार सोसून झिजत झिजत तो तुटला होता. तो आकडा भंगारात गेला असता तर आजही सगळे वाऱ्याला दोष देत बसले असते. जून 2020 मध्ये कोर्टात कंपनीने 84 जणांच्या मृत्यूबद्दल गुन्हा कबूल केला. एकेकाचं नाव पुकारलं जायचं, फोटो दाखवला जायचा आणि कंपनीचा प्रमुख उभा राहून दर नावाला ‘दोषी’ म्हणायचा. चौऱ्याऐंशी वेळा.

तुमच्या डोंगरावरची तार, खांब, तिथले आकडे यांचं काय होतंय ते तुम्हाला एकटीला बघता येणार नाही. पण अग्निशमन दल, पोलीस, चौकशी अधिकारी आणि खुद्द कंपनी या सगळ्यांना ‘या वस्तू जपून ठेवा, बदलू किंवा हलवू नका’ असं लेखी कळवता येतं. वकिलाच्या पत्राला वजन जास्त, पण वकील मिळेपर्यंत थांबू नका. तुमच्या साध्या अर्जावरही पोच मिळते, आणि पुढे कुणी ‘आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं’ म्हणू लागला की ती पोच कामाला येते. मलबा उचलण्याआधी घराच्या जागेचे चारही बाजूंनी फोटो घ्या, आधी लांबून आणि मग जवळून. विजेचा मीटर होता ती भिंत, दार, आई जिथे सापडली ती जागा. हे शेवटचं तुम्ही स्वतः करू नका, दुसऱ्या कुणाला सांगा.

ज्या शेजाऱ्यांनी दार वाजवलं त्यांच्याकडे जा. त्यांनी काय पाहिलं, किती वाजता, आधी धूर आला की आधी वीज गेली, इशारा मिळाला की नाही, हे त्यांनी स्वतःच्या शब्दांत लिहून खाली तारीख घालावी. सात आठवड्यांत आठवण अजून ताजी असते. वर्षभराने ती सगळ्यांची एकसारखी होते आणि मग उलटतपासणीत कुणाचीच टिकत नाही. मोबाइलवरच्या व्हिडिओची मूळ फाइल मागा. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेला व्हिडिओ नको, त्यातली वेळ-ठिकाणाची नोंद पुसली गेलेली असते. तारांना झाडाच्या फांद्या लागतात, ठिणग्या पडतात अशी तक्रार वस्तीतल्या कुणी पूर्वी केली होती का तेही शोधा. ग्रेनफेलच्या रहिवाशांनी आगीच्या काही महिने आधीच धोक्याचं लिहून ठेवलं होतं, आणि नंतर तेच लिहिलेलं सगळ्यांना दाखवता आलं. आणि प्रत्येक कागदाची एक प्रत तुमच्या निवाऱ्यापासून दूर, दुसऱ्याच कुणाच्या घरी ठेवा. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहाला लागलेल्या आगीच्या खटल्यात कोर्टाच्या फाइलमधलेच पुरावे गहाळ झाले होते, फाडले गेले होते. त्याबद्दल 2021 मध्ये मालकांसह कोर्टाचा एक कर्मचारीही दोषी ठरला. जिथे कोर्टातली फाइल सुरक्षित नाही तिथे उशीखालच्या पिशवीचं काय घेऊन बसलात?

दारातले वकील. ते चांगले असूही शकतात. पण दुःखात बुडालेल्या माणसाला दारात गाठून सही मागणारा वकील मी पहिल्या भेटीत नेमणार नाही. काही देशांत असं गिऱ्हाईक गाठण्यावर बंदी आहे. काही ठिकाणी तर जिंकलेल्या रकमेचा टक्का फी म्हणून घ्यायलाही वकिलाला मनाई आहे, तेव्हा आधी तुमच्याकडचा नियम विचारून घ्या. मोफत कायदा सल्ला केंद्र असेल तर पहिला फॉर्म तिथेच दाखवा. मग निदान दोन वकिलांना भेटा आणि आडपडदा न ठेवता विचारा. टक्का किती, आणि तो खर्च वजा करण्याआधी की नंतर? हरलो तर खर्च कुणाचा? माझी फाइल तुम्ही बघणार की तुमच्या ऑफिसातला कुणी नवशिका? तडजोडीला ‘नाही’ म्हणायचा अधिकार माझ्याकडेच राहणार ना? आणि सहसा कुणी विचारत नाही तो प्रश्न : भरपाई कशाच्या रूपात मिळणार? पॅराडाइजच्या आणि आसपासच्या आगींमधल्या लोकांसाठी 1350 कोटी डॉलरचा निधी ठरला, पण त्यातला निम्मा हिस्सा त्याच वीज कंपनीच्या शेअरमध्ये होता. ज्या कंपनीने घर जाळलं तिचाच शेअर वर जावा म्हणून प्रार्थना करायची!

घाई करू नका म्हणतेय, पण बेफिकीरही राहू नका. कंपनीचा शुक्रवार खोटा असला तरी कायद्याची मुदत खरी असते आणि ती निर्दय असते. कराचीतल्या बल्दिया भागातला कपड्यांचा कारखाना 11 सप्टेंबर 2012 ला जळाला, अडीचशेच्या वर कामगार गेले. बचावलेल्या एका कामगाराने आणि मृतांच्या नातलगांनी, अशा चौघांनी पुढे त्या कारखान्याकडून माल घेणाऱ्या जर्मन कंपनीवर डॉर्टमुंडच्या कोर्टात दावा केला. जानेवारी 2019 मध्ये कोर्टाने तो फेटाळला. चूक कुणाची या प्रश्नात ते शिरलंच नाही, मुदत उलटून गेली होती एवढं कारण त्याला पुरलं. पैसे मिळाले ते दुसऱ्या वाटेने : आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या मध्यस्थीने 2016 मध्ये त्याच कंपनीकडून 50 लाख डॉलरहून जास्त रक्कम ठरली होती. तेव्हा वकिलाला भेटल्यावर पहिला प्रश्न मुदतीचा. मृत्यूच्या दाव्याची वेगळी, घराच्या नुकसानीची वेगळी, सरकारी यंत्रणेवर दावा असेल तर त्याची आणखी वेगळी असू शकते, आणि ही शेवटची पुष्कळदा सगळ्यात कमी असते. तारखा भिंतीवर चिकटवा.

एकटीने लढू नका हे सगळेच सांगतील. मी जरा निराळं सांगते, एकत्र यायचं ते लवकर या. उपहारची आग 13 जून 1997 ची, त्यात 59 जण गेले. नीलम आणि शेखर कृष्णमूर्ती यांची दोन्ही मुलं, सतरा आणि तेरा वर्षांची, त्यात होती. थोड्याच काळात त्यांनी इतर कुटुंबांना गोळा करून संघटना उभारली, कारण प्रत्येक घर वेगळं भेटलं असतं तर प्रत्येकाला वेगळी गोष्ट सांगितली गेली असती आणि वेगळा आकडा पुढे केला गेला असता. तुमच्याही वस्तीत आत्ता तेच चाललं असणार. प्रत्येकाला मिळालेला फॉर्म एका टेबलावर मांडून बघा, रकमा सारख्या आहेत का. नसतील, तर बैठक बोलवायला दुसरं कारण लागणार नाही.

दादाबद्दल. कोर्टात आयुष्य जाईल हे त्याचं म्हणणं मी खोडून काढणार नाही. उपहारची कोर्टकचेरी पंचवीस वर्षांनंतरही संपली नव्हती. 2003 मध्ये हायकोर्टाने ठरवलेली भरपाई 2011 मध्ये सुप्रीम कोर्टाने कमी केली. पॅराडाइजमध्ये त्या 84 ‘दोषीं’नंतर कंपनीला दंड झाला तो 35 लाख डॉलरच्या आसपास, आणि तुरुंगात कुणीच गेलं नाही. हे तुमच्यापासून लपवलं तर मी तुमची हितचिंतक कसली? म्हणून एका संध्याकाळी दोघांनी बसून ठरवा की तुम्हाला न्याय म्हणजे काय हवंय. कुणाला शिक्षा? डोक्यावर छप्पर? कुणीतरी उभं राहून चूक कबूल करणं? की त्या तारा पुन्हा कुणावर पडू नयेत? यांतल्या प्रत्येकाचं दार वेगळं आहे, आणि एक दार बंद झालं तरी दुसरं उघडं असू शकतं. न्यूयॉर्कच्या ट्रायँगल कारखान्यात 25 मार्च 1911 च्या आगीत 146 कामगार गेले, बहुतेक तरुण मुली, आणि बाहेर पडायचं एक दार कुलूपबंद होतं. मालक खटल्यातून सुटले. पण त्या आगीनंतर नेमलेल्या आयोगामुळे पुढच्या काही वर्षांत त्या राज्यात कामगारांच्या सुरक्षिततेचे तिसाहून अधिक कायदे झाले. त्या मुलींच्या आयांना हे पुरलं असेल? नसणार. पण काहीच झालं नाही असंही नाही.

दादाला कदाचित फक्त छप्पर हवं असेल, तुम्हाला कबुली हवी असेल. दोघंही बरोबर असू शकता. फक्त ‘सर्व वारसांच्या वतीने’ त्याने परस्पर सही करू नये, एवढं त्याच्याशी आजच स्पष्ट बोलून घ्या. आईचा वारस तोही आहे.

मदतीच्या रांगेबद्दल थोडक्यात. एक वही करा. कुठल्या खिडकीवर, कुणाशी, कुठल्या तारखेला काय बोलणं झालं ते लिहीत चला. मदतीचा अर्ज नामंजूर झाला तर घाबरू नका, पुष्कळदा एखाद्या कागदाअभावी होतो. कारण लेखी मागा आणि अपील करा. सरकारी मदत मिळवून देतो म्हणून फी मागणारा माणूस ठग समजा. घरकर्ज असेल तर घर जळालं म्हणून हप्ते आपोआप थांबत नाहीत, बँकेला पत्र द्या. विमा असेल तर पॉलिसीची पूर्ण प्रत मागा, आणि तात्पुरत्या भाड्याचा खर्च त्यात बसतो का ते बघा. पाहणीला येणारा सर्व्हेअर कितीही सज्जन असला तरी त्याला पैसे विमा कंपनी देते. त्याने काढलेला पहिला आकडा म्हणजे बोलणीची सुरुवात.

जळालेल्या वस्तूंची यादी एका बैठकीत करू नका. माझ्या मावशीचं घर जळालं तेव्हा तिने टीव्ही, कपाट, पलंग लिहून यादी संपवली होती. अकरा महिन्यांनी एका लग्नाच्या फोटोत मागच्या भिंतीवरचं शिवणयंत्र दिसलं आणि ती मटकन खाली बसली. ज्या यंत्रावर तिने आयुष्यभर काम केलं तेच लिहायचं राहिलं होतं. म्हणून नातलगांकडचे जुने फोटो गोळा करा, त्यांत मागे काय दिसतंय ते पाहा. डोळे मिटून एकेका खोलीत शिरा, कप्पे उघडा. रडू आलं की वही मिटा, उद्या पुढची खोली.

झोपेचं आणि धुराच्या वासाचं. सुरुवातीच्या काही आठवड्यांत असं होणं स्वाभाविक असतं. महिन्याच्या वर गेलं की मात्र ते आपोआप जाण्याची वाट बघत बसू नये, आणि तुम्हाला सात आठवडे झालेत. डॉक्टरांना हेच शब्द सांगा : झोप नाही, वास येतो. आघातातून आलेल्यांवर उपचार करणारे समुपदेशक असतात, त्यांच्याकडे पाठवा म्हणा. ‘मी कामावर होते’ हे वाक्य तुम्ही पत्रात फार लवकर लिहिलंय, दुसरंच. ते तुम्ही कुणाकुणाला सांगत असाल याची मला कल्पना आहे. तार जपायचं काम तुमचं नव्हतं. ज्यांचं होतं, तेही त्या दिवशी कामावरच होते.

राहिली ती यंत्रं. मलबा उचलणाऱ्या कार्यालयात उद्या जा आणि तुमच्या जागेचा नंबर शेवटी लावायला सांगा. एक दिवस आधी आत जायची परवानगी मागा. जळालेल्या घरांच्या राखेत शिसं, आर्सेनिक, ॲस्बेस्टॉस असू शकतं, तेव्हा एन-95 मुखपट्टी, जाड हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि बंद बूट. राख आधी पाण्याने हलकी भिजवा, कोरडी झाडू नका. घातलेले कपडे निवाऱ्यात नेऊ नका. आणि एक बारीक जाळीची चाळणी न्या. धातूच्या, चिनी मातीच्या लहानसहान वस्तू आगीतून वाचतात : अंगठी, किल्ली, काठीच्या टोकाची लोखंडी टोपी. आईची खोली कुठे होती ते पावलांनी मोजून काढावं लागेल, कारण भिंती नसल्या की स्वतःचं घरही ओळखू येत नाही. त्यासाठी दादाला सोबत न्या. दोघांनी मिळून चाळा, आणि त्या दिवशी फॉर्मचा विषय काढू नका.